मागचं ऐकू येतं का?

मी महाडच्या कोर्टात कारकून म्हणून लागलो तेव्हा भाऊंची पुढची मोटारसायकल कुठली हे ठरायचं होतं, आणि आठ वर्षांनी माझी बदली झाली तेव्हाही ते ठरायचंच होतं. मधल्या काळात कोर्टाला चार साहेब बदलून आले, माझं लग्न झालं, पाठोपाठ टक्कल पडायला लागलं. भाऊंचा शोध आपला चालूच. "घ्यायची तर हायच," ते म्हणायचे, "पण मनाजोगती मिळाली पायजे ना!" आणीबाणी नुकतीच उठली होती, तेव्हापासूनची ही गोष्ट.

भाऊ म्हणजे आमचे बेलिफ. महाड-पोलादपूरकडच्या वाड्यावाड्यांवर जाऊन समन्स बजावायचं हे त्यांचं काम. उंच, काटक माणूस. मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. समन्स आणणारा कुणाला आवडत नाही, पण भाऊंना लोक ओट्यावर बसवून ताक द्यायचे. "घाबरू नको," ते समोरच्याला सांगायचे, "सही कर, तारखेला ये. कोर्टासमोरचा चहा माझ्याकडून." मग कागद पिशवीत सारून लगेच पुढचा प्रश्न : "वाडीत कुणाकडं फटफटी हाय काय रे?"

उभं राहायची त्यांची एक तऱ्हा होती. कुणाशीही बोलताना ते तिरके उभे राहायचे, उजवा खांदा पुढे काढून. साहेबांसमोरसुद्धा तसेच. नव्या साहेबांना पहिले पंधरा दिवस वाटायचं, हा बेलिफ उर्मट आहे. आम्हाला सवय झाली होती. असते एकेकाची खोड, म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "गाव कुठलं?"

"मी नात्याचा."

"कुणाच्या नात्याचा?"

आमच्या गावच्या प्रत्येक माणसानं हा विनोद हजार वेळा ऐकलेला असतो. मी निमूटपणे सांगितलं, की रायगडाच्या रस्त्यावरचं नाते, तिथला. भाऊ खूश झाले. "मग आजपासून तू नातेवाईक." आठ वर्षं त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. त्यामुळे अर्ध्या कोर्टाला मी त्यांचा चुलतभाऊ आहे असंच वाटत होतं.

मोटारसायकलींनाही त्यांनी स्वतःची नावं दिली होती. कंपनीचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. दूधवाल्याची, फौजदाराची, मास्तरांची आणि कॉलेजच्या पोरांची, अशा चार जाती त्यांनी पाडल्या होत्या, आणि महाडात कुठल्या गाडीचा कोण मालक हे त्यांना तोंडपाठ होतं. स्वतःच्या गाडीचा उल्लेख मात्र "आमची ही" असा. घरच्या बाईंचा उल्लेखही तोच, कारण त्यांच्या पिढीत बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. "काल हिला धुतली, पुसली, अंगणात उन्हात उभी केली," असं ते सकाळी सकाळी सांगू लागले की नवीन माणसाच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

गाडीची चौकशी लोक कशी करतात? लीटरला किती जाते, चढ घेते का, सुटे भाग कुठे मिळतात. भाऊंना यातलं काहीही नको असायचं. कुणी सांगायला लागलं तर हात वर करून थांबवायचे. "चालते कशी ते नको सांगू. मागचं ऐकू येतं का, तेवढं सांग."

मागचं म्हणजे मागे बसलेल्या माणसाचं बोलणं. त्याची परीक्षा ते स्वतः घ्यायचे. पेट्रोलपंपावर उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या मागे बसून त्याला गावाबाहेरपर्यंत पिटाळायचे, वाटेत काहीतरी बोलायचे, आणि उतरल्यावर विचारायचे, "सांगा, मी काय म्हणालो?" एकदा ते आमच्या फौजदारांच्याच मागे बसले. सावित्रीच्या पुलावर वाऱ्यानं फौजदारांची टोपी उडाली. भाऊंनी मागून तीनदा सांगितलं, "साहेब, टोपी उडाली." पुढून काही उत्तर नाही. पूल ओलांडून फौजदारांनी कपाळाला हात लावला तेव्हा त्यांना कळलं. खाली वाळूत मासे पकडणाऱ्या माणसानं टोपी आणून दिली, पण फौजदार महिनाभर आमच्याशी धड बोलत नव्हते. भाऊ मात्र समाधानानं परत आले. "फौजदाराची बाद!"

माझा उपयोग त्यांना दर शनिवारी. मला नात्याला घरी सोडायच्या निमित्तानं ते कुणाची तरी गाडी मागून आणायचे आणि मला मागे बसवून बोलायला लावायचे. त्यात एक अट होती. मी एका बाजूला बसायचं, दोन्ही पाय डावीकडे सोडून, बायका बसतात तसं.

"भाऊ, लोक हसतात हो."

"हसू दे. परीक्षा बरोबर झाली पायजे. ही अशीच बसते."

चवदार तळ्यावरून, बाजारातून, वेशीपर्यंत मी तसा जायचो. नात्याच्या पाणवठ्यावर तर बायका वाटच बघत असायच्या. "आला बघ गो, नवरीवानी बसून!" मी रागानं वाटेल ते बोलायचो. एकदा सांगितलं, "भाऊ, आमच्या म्हशीला रेडकू झालं." घरापाशी उतरल्यावर भाऊ गंभीरपणे म्हणाले, "व्हय, साहेबांची बदली व्हणारच." म्हणजे मास्तरांचीही बाद.

हा माणूस थट्टेचा विषय आहे असं मी दोन वर्षं समजत होतो. मग एकदा पोलादपूरला एसटी थांब्यासमोर चहा पिताना त्यांनी आपण होऊन सांगितलं.

त्यांचं घर बाजाराच्या मागे. खोल्या तीन, माणसं चौदा. तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, आणि तेव्हा आई होती. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायचं नाही, आणि घरात वडीलधारं माणूस नाही असा कोपरा नाही. "लग्नानंतर वरीसभर आमी बोललोच नाय रे. वाढ, पुरे, एवढंच." मग भाऊंनी जुनी गाडी घेतली आणि बायकोला माहेरी, पोलादपूरच्या पुढच्या वाडीला घेऊन निघाले. निघताना आईनं ओट्यावर बसवून कानात तेलाचा कापूस घातला, वारं भरेल म्हणून. लहानपणापासूनची तिची रीत. गाव मागे पडलं तसं भाऊंनी तो काढून टाकला. आणि मागून आवाज आला, "ऐकलंत का? तुमाला कारल्याची भाजी आवडत नाय ना?"

"मला वाटलं, भलतीच बाई बसली मागं," भाऊ म्हणाले. "एवढा गोड आवाज. आणि तिनं वरीसभर माझ्या ताटात बघितलं व्हतं."

त्यानंतर त्यांचा संसार त्या सीटवर झाला. पोरींची नावं त्या रस्त्यावर ठरली. भावांशी कसं वागायचं, सासरच्या जमिनीचं काय करायचं, कुणाच्या लग्नाला काय न्यायचं, सगळं महाड ते पोलादपूर. बाईनं "ऐकलंत का" म्हणायचं आणि भाऊंनी "ऐकतोय" म्हणायचं. लोकांना वाटायचं, या दोघांना माहेरची भारी ओढ.

"आणि आता?"

भाऊंनी कपातला चहा उगाच हलवला. "आता हिचा आवाज वाढलाय रे, म्हातारी झाली. मागचं एक अक्षर ऐकू येत नाय. ती कंटाळली. आता येष्टीनं जाते." म्हणून पुढची गाडी हवी होती. मला माझीच लाज वाटली. पुढच्या शनिवारी मी तक्रार न करता पाय डावीकडे सोडून बसलो.

वहिनींची बाजू मला डेपोत कळली. त्या पोलादपूरच्या गाडीसाठी उभ्या होत्या. मी जरा धिटाईनं म्हणालो, "वहिनी, भाऊ तर आत्ताच रिकामे गेले तिकडं."

"जाऊ देत. त्यांना आता माझं ऐकायचं नसतं, भावजी." मग त्या म्हणाल्या, "एक गोष्ट विचारायची व्हती मला. आख्खा रस्ता धीर गोळा केला नि विचारली. दोनदा विचारली. पोलादपूर आलं तवा काय बोलले माहित हाय? 'चहा घेऊ या.' मागं बसून रडले मी, तर वळून पायलं नाय. तवापासनं नाय बसले."

"काय विचारलं होतं?"

"ते त्यांना सांगन. त्यांनी ऐकायचं ठरवलं तर."

गाडी लागली आणि त्या गेल्या. माझ्या मनात आलं, की ती एक गोष्ट काय होती ते भाऊंना कळलं नाही तर पुढची गाडी घेऊनही काही उपयोग नाही.

उलगडा झाला तो अगदी बावळटपणे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत जागेचा पंचनामा होता आणि साहेबांनी मला भाऊंबरोबर धाडलं होतं. परतताना उतार, रस्त्यावर खडी. मी सांगितलं, आज मी बाईसारखा बसणार नाही, दरीत जायची माझी तयारी नाही. दोन्हीकडे पाय टाकून बसलो. कागदांची पिशवी डाव्या खांद्याला होती म्हणून उजवीकडे झुकलो. गाडी त्यांची जुनीच, सगळ्यांत जास्त ओरडणारी. कंटाळून मी स्वतःशीच पुटपुटलो, "हा बाबा काय गाडी घेणार नाही. जन्मभर नुसता बघत बसणार."

"घेणार हाय रे," पुढून भाऊ म्हणाले. "बघत काय बसतोय?"

मग डोक्यात प्रकाश पडला. "भाऊ, गाडी थांबवा!"

त्यांनी थांबवली. मी डावीकडून बोललो. काही नाही. त्यांनी गाडी बंद केली. त्या सगळ्या डोंगरात चिमणीचा आवाज नव्हता. मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "भाऊ, ऐकलंत का?"

ते पुढे बघत राहिले. "बोल ना," म्हणाले. "कधी बोलणार?"

उजवा खांदा पुढे काढून उभं राहायचं कारण तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. मी उजवीकडे जाऊन सांगितलं तसे भाऊ उतरले आणि मैलाच्या दगडावर बसले. मग म्हणाले, "म्हणजे हिचा दोष नव्हता."

कुठल्या हिचा, ते मी विचारलं नाही.

पुढचे दहा-बारा दिवस फार वाईट गेले. डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की ते उठून जायचे. "कायमचा गेला म्हणाला, तर? नोकरीचं बघू, एक कान पुरतो कोर्टाला. पण ती त्याच बाजूनं बोलते रे." मग त्यांनी अक्कल लढवली, की बायकोला उजवीकडे पाय सोडून बसवू. पाय ठेवायची पट्टी गॅरेजवाल्याकडून उजवीकडे बसवूनही घेतली. मग दिसलं, की त्या बाजूला तापलेला सायलेन्सर, लुगडं जळणार. पट्टी परत डावीकडे. गॅरेजवाल्यानं हात जोडले.

शेवटी मीच त्यांना ओढत नेलं. मुंबईहून एक कानाचे डॉक्टर महिन्यातून एकदा आठवडाभर बाजारातल्या दवाखान्यात येत. त्यांनी आधी तीन दिवस थेंब घालायला सांगितले. चौथ्या दिवशी बॅटरी मारून डाव्या कानात बघितलं, पुन्हा बघितलं, आणि विचारलं, "तुम्ही कानात काय घालता?"

"काय नाय."

डॉक्टरांनी लांब चिमटा घातला. भाऊंनी माझं मनगट असं धरलं, की दोन दिवस त्याचे वळ होते. चिमट्याबरोबर बाहेर आला तो काळा, घट्ट, बोराच्या बीएवढा बोळा. डॉक्टरांनी तो बशीत उकलला. कापूस होता. तेलाचा आणि लसणाचा जुनाट वास खोलीभर पसरला.

भाऊ त्याच्याकडे बघत राहिले. "आयेचा," ते म्हणाले.

आई गेली त्याच्या आधीच्या हिवाळ्यातला. हात थरथरायला लागले होते तिचे, फार आत गेला असणार, आणि गावाबाहेर काढताना अर्धाच निघाला असणार. त्यावर मळ बसत गेला. पडदा शाबूत आहे, डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही तुम्हाला. मला इतकं हायसं वाटलं, की मी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकलो. ते माझ्याहून लहान दिसत होते. भाऊंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. "डॉक्टर," ते म्हणाले, "तुमचं घड्याळ किती मोठ्यानं वाजतं हो!"

बाहेर येऊन त्यांनी गाडीला किक मारली आणि दचकून दोन पावलं मागे सरले. "बाप रे! ही एवढी ओरडते?"

बोळा त्यांनी फेकू दिला नाही. कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवला. तसेच आम्ही डेपोत गेलो, कारण तो वहिनींचा माहेरी जायचा दिवस होता. त्या रांगेत उभ्या होत्या. भाऊंनी गाडी थेट त्यांच्यासमोर नेली.

"बस."

"माजी येष्टी येतेय."

एवढ्या माणसांत नवऱ्यानं काय सांगायचं आणि बायकोनं काय विचारायचं? भाऊंनी खिशातून पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. वहिनींनी ती उघडली, वास घेतला. सासूच्या हातचं तेल त्यांनी बरोबर ओळखलं.

"कानात व्हता," भाऊ म्हणाले. "या कानात. चार वरसं."

वहिनींनी त्यांच्या डाव्या कानाकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या ते मला कळेना, बहुतेक दोन्ही. पुडी नीट बांधून त्यांनी भाऊंच्या खिशात परत घातली, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसल्या, आणि गाडी पोलादपूरच्या रस्त्याला लागली. रांगेतल्या माणसांना वाटलं असेल, बायकोची एसटी चुकवली या माणसानं.

सोमवारी भाऊ कोर्टात आले ते सरळ उभे. साहेबांनी चष्म्यावरून दोनदा पाहिलं. दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "नातेवाईक, चार वरसांपूर्वी तिनं विचारलं व्हतं, पोलादपूरला दोन खोल्या घेऊन आपण वेगळं राहू या काय. आणि मी म्हणालो, चहा घेऊ या!" त्यांना हसू आवरेना, आणि डोळेही पुसत होते. "परवा तिनं परत विचारलं. गाव सोडल्या सोडल्या. पोलादपूरपर्यंत थांबली नाय."

"मग?"

"मग काय? ऐकलं."

भावांनी खळखळ केली नाही. उलट तीन खोल्यांतली चार माणसं कमी झाली. पोलादपूरला बाजाराच्या वरच्या अंगाला दोन खोल्या मिळाल्या. भाऊ तिथून रोज महाडला येऊ लागले, आणि मला वाटलं पुढच्या गाडीचा विषय आता मिटला. कसला मिटतोय? त्यांची चौकशी चालूच होती. पेट्रोलपंपावर तसंच लोकांना अडवणं, तसंच मागे बसणं.

माझ्या बदलीचा हुकूम आला तेव्हा नव्या, छोट्या, जपानी इंजिनाच्या गाड्या महाडात दिसू लागल्या होत्या. सुरू आहे की बंद, ते हात लावून बघावं लागायचं. मी निरोप घ्यायला पोलादपूरला गेलो तर भाऊंच्या दारात तसली एक उभी, कुणाची तरी मागून आणलेली. मला वाटलं, मिळाली एकदाची.

"बाद!" भाऊ म्हणाले.

"अहो, हिच्यावर तर कुजबुज ऐकू येईल!"

"तेच तर," वहिनी आतून म्हणाल्या. "नाक्यापर्यंत जाऊन आलो, भावजी. मी यांना एक घरातली गोष्ट विचारली, तर उत्तर पानवाल्यानं दिलं!"

भाऊंनी मान हलवली. "ऐकू येणारी नकोच आता. कान हाय मला. मोठ्यानं ओरडणारी बघतोय, म्हणजे मागचं मला ऐकू येईल नि जगाला नाय. फौजदाराची बाद करायला नको व्हती तेव्हा." आणि त्यांनी मला विचारलं, की माझ्या नव्या गावाला कुणाकडे तसली असेल तर कळवशील का.

चहा झाला. पोरी अभ्यासाला शेजारी गेल्या होत्या, घरात ती दोघं आणि मी. वहिनींनी कप उचलता उचलता सांगितलं, "ऐकलंत का? गाडी काढा जरा."

"काय तरी बोलायचं असणार," भाऊ उठत म्हणाले.

"भाऊ, आता घरात तिसरं ऐकणारं कोण आहे? इथंच बोला की."

भाऊ उंबऱ्यात थांबले. "घरात ती ओरडते रे," ते हळूच म्हणाले. "गाडीवर बोलते."

त्यांनी जुनीच गाडी काढली. तिच्या आवाजानं समोरच्या झाडावरचे कावळे उठले. वहिनी पाय डावीकडे सोडून बसल्या, मला हात केला, आणि उतार सुरू व्हायच्या आत भाऊंच्या डाव्या कानाशी वाकून काहीतरी बोलू लागल्या. मी दहा पावलांवर उभा होतो, मला एक अक्षर कळलं नाही. वळणावर भाऊंनी मान डोलावली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "ऐकतोय!"